पॉइंट कुणाच्या पदरात?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला निघणाऱ्या छोट्या विमानाच्या अंगावर ‘स्टार एअर’ असं लिहिलेलं असतं. संजय घोडावत समूहाची ही कंपनी, म्हणजे हातकणंगले-जयसिंगपूरकडच्या माणसाला घरचीच. दुसरीकडे लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड यांच्या जागतिक गटाचं नाव ‘स्टार अलायन्स’. एअर इंडिया या गटात ११ जुलै २०१४ रोजी गेली. या दोन ‘स्टार’चा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरीही कार्ड आणि तिकिटांचा हिशेब लावून देण्याच्या माझ्या धंद्यात हा प्रश्न नेहमी येतो: ‘आमच्या कोल्हापूर-मुंबईचे पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात जमा होतील ना?’ होत नाहीत.

प्रश्न विचारणारा माणूस बावळट नसतो. शिरोलीत त्याचा कारखाना असतो, मालाच्या भावात पैशाची चूक तो होऊ देत नाही. पण पॉइंट म्हटलं की तो हात सैल सोडतो, कारण ते फुकट मिळालेत असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात तसं नसतं. कार्ड घासलं की दुकानदाराला साधारण दीड-दोन टक्के बँकांच्या साखळीला द्यावे लागतात आणि त्यातलाच तुकडा पॉइंट म्हणून ग्राहकाकडे परत येतो. दुकानदार तो खर्च शेवटी किमतीत धरतो, किंवा कोल्हापुरी रोखठोकपणे तोंडावर सांगतो, ‘कार्डावर दोन टक्के जादा लागतील.’ कार्डाच्या नियमांत अशी वाढीव वसुली बसत नाही, पण गुजरीत सोनं घ्यायला गेलेल्या माणसाला ते ऐकून घ्यावं लागतं. लाखाच्या दागिन्यावर दोन हजार जादा देऊन हजाराचे पॉइंट मिळवले, तर तो तोट्याचाच सौदा झाला. त्यात काही कार्डं दागिन्यांच्या खरेदीवर पॉइंटच देत नाहीत. ती अट बारीक अक्षरात असते आणि धनत्रयोदशीच्या गर्दीत ती कोण वाचणार?

‘कुठलं कार्ड चांगलं?’ असं विचारण्याऐवजी सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी: पुढच्या दोन वर्षांत कुठल्या गावाला जायचंय, आणि कशाने? कोल्हापुरात या प्रश्नाचं उत्तर मुंबई-पुण्यापेक्षा वेगळं येतं.

इथला विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. त्यानंतरची कित्येक दशकं विमानं आली, गेली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. ‘उडान’ योजनेनंतर हैदराबाद, बंगळूर, तिरुपती अशी नावं फलकावर दिसू लागली. मुंबईची सेवा बंद पडून ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरने ती पुन्हा सुरू केली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्‌घाटन झालं. तरीही लांबच्या प्रवासासाठी कोल्हापूरकराला पुणे, मुंबई, बेळगावचं सांबरा किंवा जानेवारी २०२३ पासून सुरू झालेलं गोव्याचं मोपा गाठावं लागतं. इथून उडणाऱ्या कंपन्यांत मोठी म्हणजे इंडिगो, आणि ती कुठल्याच जागतिक गटात नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने अठरा वर्षं प्रवाशांना पॉइंटच दिले नाहीत. ‘ब्लूचिप’ योजना आली ती २०२४ मध्ये. दर महिन्याला हैदराबादला किंवा बंगळूरला जाणाऱ्याने ब्लूचिपचं खातं उघडावं, त्याला पैसे पडत नाहीत. पण वर्षातून एकदा तिरुपतीला जाणाऱ्याने त्यासाठी वार्षिक फी भरून इंडिगोचं कार्ड घ्यायची गरज नाही.

खरं सांगायचं तर बरेच कोल्हापूरकर अजूनही मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसने जातात. रात्री बसायचं, सकाळी उतरायचं. अशा माणसाने विमानाच्या पॉइंटच्या नादाला लागूच नये. आयआरसीटीसी आणि स्टेट बँकेचं जे एकत्र कार्ड आहे, त्यावर एसी डब्यांच्या तिकिटांवर दहा टक्क्यांपर्यंत किंमत पॉइंटच्या रूपात परत मिळते आणि एक पॉइंट म्हणजे एक रुपया. तो पुढच्या तिकिटातच वळता होतो. स्लीपरने जाणाऱ्याला मात्र हा फायदा मिळत नाही.

ज्याचा प्रवास बेताचा आणि खरेदी मोबाइलवर, त्याला रोख परतावा बरा. स्टेट बँकेचं कॅशबॅक कार्ड २०२२ मध्ये आलं, ऑनलाइन खर्चावर पाच टक्के देणारं. ॲमेझॉनचं आयसीआयसीआय कार्ड फीविना मिळतं आणि प्राइमच्या सभासदाला ॲमेझॉनवर पाच टक्के देतं. अशा परताव्याला बऱ्याचदा मर्यादा असते, ती बदलतेही. पण रुपयाचा रुपयाच राहतो. पॉइंटचं तसं नाही. एका पॉइंटची किंमत वीस पैसेही होऊ शकते आणि दोन रुपयेही. ती ठरते तो कुठे मोडला त्यावर. दिवाळीच्या सेलमध्ये कार्डावर मिळणारी दहा टक्के तत्काळ सूट तर कुठल्याही पॉइंटहून सरस.

इथपर्यंतचा हिशेब सोपा. गुंता सुरू होतो तो परदेशी जाणाऱ्यांपाशी.

त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एक, विमान कंपनीचं नाव छापलेलं कार्ड, ज्याचे पॉइंट थेट त्या कंपनीच्या खात्यात पडतात. दुसरी, बँकेचे स्वतःचे पॉइंट, जे बँकेतच राहतात आणि हवे तेव्हा अनेक विमान कंपन्यांपैकी एकीकडे पाठवता येतात. पाठवले की परत येत नाहीत. ही वाट एकेरी आहे. माझा कल बहुतेक वेळा दुसऱ्या वाटेकडे असतो आणि त्याला कारण भारतातल्या विमान कंपन्यांचा इतिहास.

किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली ती उठलीच नाही. तिच्या ‘किंग क्लब’मध्ये साठवलेल्या पॉइंटवर कुणी कुठे उडालं नाही. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडालं. तिथे एक फरक होता. ‘जेटप्रिव्हिलेज’ ही निराळी कंपनी होती आणि तिचा निम्म्याहून थोडा अधिक वाटा एतिहादकडे होता. त्यामुळे सभासदांचे माइल्स, म्हणजे विमान कंपनीकडचे पॉइंट, बुडाले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरात योजनेचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं आणि ते दुसऱ्या तिकिटांवर, हॉटेलांवर, वस्तूंवर खर्च करता आले. पण बिझनेस क्लासने लंडनला जायचं म्हणून जमवलेले माइल्स मिक्सरवर खर्च करणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा पॉइंट एकास एक पलीकडे गेले, ही चांगली गोष्ट. मात्र विस्ताराच्या कार्डांवर ठरावीक खर्च केल्यावर मिळणारी फुकट तिकिटांची व्हाउचरं नंतर बंद झाली, आणि ती कार्डं लोकांनी त्या व्हाउचरांसाठीच तर घेतली होती.

बँकाही साव नाहीत. ॲक्सिसच्या मॅग्नस कार्डाचं उदाहरण पॉइंट जमवणाऱ्यांना चांगलंच लक्षात असेल. महिन्याला लाखभर खर्च केला की पंचवीस हजार पॉइंट जादा मिळायचे आणि पाच पॉइंटचे चार माइल्स व्हायचे. १ सप्टेंबर २०२३ पासून ते जादा पॉइंट बंद झाले, पाचाचे चार होते तिथे पाचाचे दोन झाले आणि वार्षिक फी दहा हजारांवरून साडेबारा हजारांवर गेली. स्टेट बँकेच्या एअर इंडिया सिग्नेचर कार्डावर एअर इंडियाच्या तिकिटासाठी शंभर रुपयांमागे तीस पॉइंट मिळत. ३१ मार्च २०२५ पासून ते दहा झाले. म्हणजे साठा कुठेही असो, तो झिजतो. फरक इतकाच की बँकेत असताना दारं अनेक असतात आणि विमान कंपनीत एकच. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्सची मुदत तीन वर्षांची असते, आणि पॉइंट बँकेतून तिकडे गेले की ते घड्याळ लगेच सुरू होतं.

गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्याचं उदाहरण घेऊ, कारण कोल्हापुरात हा प्रश्न खऱ्या अर्थाने त्याचाच आहे. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला चार वर्षांतून एकदा ‘गिफा’ हे ओतकामाचं जगातलं मोठं प्रदर्शन भरतं. मागचं जून २०२३ मध्ये झालं. ड्यूसेलडॉर्फला जायचं तर मुंबईहून फ्रँकफर्ट आणि पुढे रेल्वेने दीडेक तास. मुंबई-फ्रँकफर्ट लुफ्तान्साचं विमान आहे, म्हणजे स्टार अलायन्स. मग एअर इंडियाचा महाराजा क्लब, सिंगापूरचं क्रिसफ्लायर, युनायटेडचं मायलेजप्लस, यांपैकी ज्यात त्याच्या बँकेचे पॉइंट जाऊ शकतात तिथून लुफ्तान्साची जागा शोधता येते. इथे एक काटा आहे. पॉइंटवर तिकीट काढलं तरी काही कंपन्या इंधनाचा अधिभार रोखीने घेतात. लुफ्तान्सा आणि ब्रिटिश एअरवेज यांचा तो घसघशीत असतो. युनायटेड आपल्या पॉइंटवरच्या तिकिटांना तो लावत नाही.

हिशेब कागदावर असा मांडावा. समजा एका तिकिटाची रोख किंमत ४५ हजार आहे आणि तेच पॉइंटवर काढलं तर ३० हजार पॉइंट आणि १५ हजार रुपये कर-अधिभार लागतात. वाचले ३० हजार, म्हणजे पॉइंटला एक रुपया पडला. बँकेच्या कॅटलॉगमधली बॅग याच्या आसपासही जात नाही. पण इथून हैदराबादचं तिकीट अडीच-तीन हजारांना मिळत असेल तर तिथे पॉइंट मोडू नयेत, पैसे द्यावेत. जिथे रोख तिकीट महाग असेल तिथेच पॉइंट खर्च करावेत.

फाउंड्रीवाल्याची दुसरी अडचण म्हणजे त्याचा मोठा खर्च, विजेचं बिल. ते कार्डावर भरलं की लाखांनी पॉइंट येतील असं त्याला वाटतं. पण वीज, इंधन, भाडं, सरकारी भरणा यांवर बऱ्याच कार्डांनी पॉइंट बंद केलेत किंवा मर्यादा घातलीय. एचडीएफसीने ऑगस्ट २०२४ पासून पन्नास हजारांवरच्या विजेसारख्या बिलांना एक टक्का शुल्कच लावलं. म्हणून कार्ड निवडताना जाहिरातीतला दर बघण्याआधी वर्षभराचं बँक स्टेटमेंट काढून खर्चातला किती भाग पॉइंटला पात्र आहे ते बघावं. अनेकांच्या बाबतीत तो निम्माही निघत नाही.

आता राजारामपुरीतल्या, ताराबाई पार्कातल्या घरांकडे वळू, जिथे मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असते. आई-वडील सहा महिन्यांसाठी जातात, तिकीट मुलाने न्यू जर्सीत बसून आपल्या कार्डावर काढलेलं असतं. या एका तिकिटातून दोन प्रकारचे पॉइंट निघतात. पैसे भरल्याचे कार्डावरचे पॉइंट मुलाला मिळतात, आणि उडाल्याचे माइल्स उडणाऱ्याला, म्हणजे आई-वडिलांना. हे दुसरे माइल्स कित्येक घरांत वर्षानुवर्षं वाया गेलेत, कारण आईचं कुठेही खातंच नसतं. मुंबई ते अमेरिका आणि परत, दोन माणसं. लहान रक्कम नाही ही.

खातं उघडताना नाव पासपोर्टवर आहे तसंच घालावं. आपल्याकडे पासपोर्टवर ‘सुनीता रमेश’ असं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात जोडून येतं. खात्यात नुसतं ‘सुनीता’ असलं की माइल्स अडकतात. प्रवास होऊन गेला असला तरी बऱ्याच कंपन्या काही महिन्यांच्या आत मागून दावा करू देतात, त्यासाठी बोर्डिंग पास जपून ठेवावा. दुबईमार्गे जाणाऱ्यांसाठी एमिरेट्सच्या ‘माय फॅमिली’त घरातल्या आठ जणांपर्यंतचे माइल्स एका खात्यात घालता येतात. एमिरेट्स मात्र कुठल्याही गटात नाही, त्यामुळे एका वर्षी एमिरेट्स आणि दुसऱ्या वर्षी एअर इंडिया असं केलं की दोन्हीकडे अर्धवट साठा राहतो. अमेरिकेतल्या मुलाकडे चेस बँकेचं कार्ड असेल तर त्याचे पॉइंट युनायटेडला एकास एक जातात, आणि युनायटेडच्या माइल्सवर स्टार अलायन्समधल्या एअर इंडियाची जागा काढता येते. अशा घरात कार्डाचा साठा मुलाने करावा, इथल्यांनी फक्त उडाल्याचे माइल्स त्याच गटात ठेवावेत. कोल्हापुरात बसलेल्या निवृत्त वडिलांनी त्यासाठी दहा हजार फीचं कार्ड घेण्याचं कारण नाही.

कार्डाचं बिल थकवलं तर पडणाऱ्या व्याजाचा हिशेबही इथेच मांडतो. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर पन्नास हजारांच्या थकबाकीवर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी ३१५. एका महिन्यात दोन हजारांवर गेले. तेवढ्याच खर्चावर बऱ्याशा कार्डाचे पॉइंट हजाराच्या आसपास. वर्षाला तीस टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावू नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे त्या बाजूने आधार उरलेला नाही. मित्रांची, भावकीची खरेदी आपल्या कार्डावर करून पॉइंट उचलण्याची युक्तीही इथे चालते. पण वर्षभरात कार्डाची बिलं दहा लाखांवर गेली की बँक ते आयकर खात्याला कळवते, आणि मग भावाने रोख दिलेले पैसे कुठून आले हे तुम्हाला सांगावं लागतं.

पुढचं गिफा जून २०२७ मध्ये आहे. मोठ्या विमान कंपन्या साधारण वर्षभर आधी तिकिटं खुली करतात आणि पॉइंटवरच्या जागा मोजक्याच असतात. उद्यमनगरातल्या ज्याला जायचं आहे त्याने तोवर पॉइंट बँकेतच राहू द्यावेत, महाराजा क्लबमध्ये किंवा क्रिसफ्लायरमध्ये रिकामं खातं पासपोर्टच्या नावाने उघडून ठेवावं, आणि फ्रँकफर्टची जागा पडद्यावर दिसली की त्याच दिवशी पॉइंट तिकडे पाठवावेत. काही भागीदारांकडे ते मिनिटांत पोचतात, काहींकडे दोन-तीन दिवस लागतात. कोल्हापूर-मुंबईचं तिकीट वेगळं, रोखीने आणि एक दिवस आधीचं काढावं; इथलं विमान रद्द झालं तर फ्रँकफर्टचं विमान थांबत नाही, आणि दोन तिकिटं वेगळी असल्यामुळे पुढची जबाबदारी कुणी घेत नाही. महालक्ष्मीचं आरक्षण हाताशी असलेलं बरं.