वर दाटी, खाली ओस

पाणबुड्यांची बोट धक्क्याला लागली की जाळीच्या पिशव्या थेट आमच्या टेबलावर रिकाम्या व्हायच्या. केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची तपकिरी, चिवट, बुळबुळीत पाती. काही माझ्या उंचीची. ती जातवार लावायची, निथळवून वजन करायचं, देठाचा आडवा काप घेऊन त्यातली वर्षांची वलयं मोजायची. बोटं बधिर होत. हातमोज्यांनी काही फरक पडत नाही हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी जो तो नवे हातमोजे घेऊनच येतो.

ही जागा म्हणजे स्वालबार्डमधलं न्यू-ओलेसुंड, ७९ अंश उत्तर. पूर्वीचं हे कोळसाखाणीचं गाव आता संशोधकांचं आहे. गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेचं ‘हिमाद्री’ केंद्रही २००८ पासून इथेच. गावाची वेस ओलांडायची तर अस्वलांसाठी बंदूक सोबत हवी. समोर कोंग्सफ्योर्ड, समुद्राची आत शिरलेली खाडी.

हा फ्योर्ड पूर्वी हिवाळ्यात गोठायचा. २००६ पासून त्याचा बराचसा भाग हिवाळ्यातही मोकळा राहतो, कारण अटलांटिकचं उबदार पाणी आत घुसतं. बर्फ काठालगतचे खडक खरवडून काढायचा. ते थांबलं आणि उथळ पाण्यात केल्प माजला. याच फ्योर्डमधल्या हान्सनेसेटच्या खडकांवर १९९६-९८ मध्ये मोजणी झाली होती, तीच २०१२-१४ मध्ये पुन्हा केली गेली. अडीच मीटर खोलीवर केल्पचं वजन सुमारे आठपट भरलं.

रत्नागिरीच्या मावशीला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, “मग बरंच झालं की गं! आपल्याकडे जंगल तुटतंय, तिकडे वाढतंय.”

मावशीचं सोडा, शिकलेसवरलेलेही हेच म्हणतात. पण त्याच मोजणीत असंही दिसलं की बहुतेक मोठ्या तपकिरी शेवाळांची खालची हद्द वर सरकली आहे. वितळत्या हिमनद्यांचं पाणी लालसर गाळ घेऊन येतं आणि ऊन खाली पोचू देत नाही. उन्हाळा हाच शेवाळाचा कमाईचा हंगाम, चोवीस तास सूर्य, आणि नेमकं तेव्हाच पाणी गढूळ.

माझा जीव जडला तो लॅमिनेरिया सॉलिडंग्युलावर. ही अस्सल आर्क्टिकची जात. इतर केल्प मुळांसारख्या फाट्यांनी खडक धरतात, ही सपाट चकतीनं चिकटते. एकाच देठावर गेल्या वर्षीचं आणि यंदाचं पातं एकापुढे एक, मध्ये आवळल्यासारखी खाच. उन्हाळ्यात साठवलेल्या शिदोरीवर ती हिवाळ्याच्या काळोखात नवं पातं काढते. काळोखात पाणी उबदार झालं की श्वसन वाढतं, शिदोरी लवकर सरते. वर दाटी करणाऱ्या जाती दक्षिणेकडच्या थोड्या उबदार पाण्यातही सुखानं राहतात; हिला उत्तरेला सरकायला किनारा तरी किती उरलाय?

दक्षिण ध्रुवाकडेही, किंग जॉर्ज बेटावरच्या पॉटर कोव्हमध्ये, हिमनदी मागे हटून उघड्या पडलेल्या खडकांवर शेवाळ रुजलं. तिथेही ते किती खोलवर जगेल, हे गाळच ठरवतो.

तेव्हा ध्रुवावर शेवाळ वाढल्याची बातमी वाचलीत तर दोनच गोष्टी विचारा: किती खोलीवर, आणि कुठली जात?