बैठक

‘बैठक’ हा शब्द मी वर्गात पुष्कळदा शिकवला आहे. गाण्याची बैठक, बैठकीची लावणी, लेखनामागची वैचारिक बैठक. त्याचा मूळ, शारीर अर्थ मात्र मला माझ्या भाच्यामुळे कळला.

त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. सातव्या वर्षापर्यंत तो ताईच्या मांडीवर किंवा लोडाला टेकून असे. मग एका शिबिरात चाकांची खुर्ची मिळाली. फोटो निघाले, टाळ्या झाल्या. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची होती. झोळीसारख्या आसनात तो घसरे, कलंडे; मान छातीवर पडे. ताईने उशा खोचल्या, ओढणीने बांधून पाहिले. अखेर खुर्ची गॅलरीत गेली आणि तिच्यावर कपडे वाळू लागले. याला बसणे जमणार नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला.

पुढे एका थेरपिस्टबाईंनी तो खोडला. ‘‘तो बसत नाही, कारण त्याला नीट बसवलेलंच नाही,’’ त्या म्हणाल्या. त्यांनी सुरुवात मानेपासून नव्हे, कमरेपासून केली. कमरेची हाडे सरळ टेकली, की पाठीला आधार मिळतो. पाठ सावरली, की मान सावरते. कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून तळव्यापर्यंतचे अंतर, सारे मोजले गेले. प्लायवूडचे सपाट आसन, त्यावर फोम, कुशींना आधार, पावलांखाली फळी. मांड्या सतत आत ओढल्या जाऊन खुब्याचा सांधा निसटू नये म्हणून गुडघ्यांमध्ये एक ठोकळा.

त्या बैठकीत तो पहिल्यांदा जेवला, तेव्हा ठसका कमी लागला. मी ताईला कॉलेजातली एक फजिती सांगत होते. नेमक्या जागी हसू आले ते समोरून. मी चमकले. इतकी वर्षे मी त्याच्याविषयी बोलत होते, त्याच्याशी नव्हे. त्याची नजर छताकडे असे, आणि मी तिला समजेचा अभाव समजले होते.

मिठू अलूर यांनी मुंबईत १९७२ साली अशा मुलांसाठी संस्था उभारली. खुर्ची ही व्यक्तीच्या मापाची हवी आणि पुढेही तपासत राहायला हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००८च्या मार्गदर्शिकेत सांगितले. तरीही आपल्याकडे दान म्हणजे खुर्ची हातात देणे. मूल वाढते, बैठक आपोआप वाढत नाही.

गेल्या महिन्यात पावलांखालची फळी दोन बोटे खाली घेतली. ‘‘उंच झालास रे,’’ मी म्हटले. या वेळी त्यालाच.