वारा फुकट, झेंडा विकत

मी स्कायडायव्हिंग करते हे कळल्यावर आमच्या नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात. पॅराशूट उघडलं नाही तर? भीती नाही वाटत? आणि २०१८ पासून त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तशी तू कधी मारणार? या खेळात पैसे कशाकशावर जातात हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ऐकून हसतील. कारण यंदा आमच्या क्लबात सगळ्यात मोठा वाद झाला तो विमानावरून नाही, पॅराशूटवरूनही नाही, तर झेंड्यांवरून.

आमचा क्लब अगदी छोटा. टेक्सासच्या सपाट माळावर एक पत्र्याचं हँगर, एक गवताची धावपट्टी आणि एक सेसना १८२, ज्यात पायलट सोडून चारच माणसं मावतात. उतरण्याच्या मैदानात वारा दाखवणाऱ्या दोन वस्तू होत्या, त्या दोन्ही उन्हाने विटून चिंध्या झाल्या होत्या. नवीन घ्यायच्या ठरलं. काम माझ्याकडे आलं, कारण मी इंजिनियर. (इंजिनियरला काहीही सांगावं, अशी समजूत फक्त आपल्याकडेच आहे असं मला वाटायचं. तसं नाहीये.)

आता वारा दाखवायला एवढं काय लागतं? ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं हिशोबाचं सांगते. आजची पॅराशूट म्हणजे कापडाचा पंख असतो. वारा नसला तरी तो पुढे जातच असतो. समजा, तो ताशी २० मैलांनी पुढे जातोय आणि वारा १० मैलांचा आहे. वाऱ्याकडे तोंड करून उतरलात तर जमिनीच्या हिशोबाने तुमचा वेग १०. वाऱ्याला पाठ करून उतरलात तर ३०. वेग तिप्पट, म्हणजे आदळण्याची ऊर्जा नऊपट. शेवटच्या क्षणी ब्रेक ओढून वेग कमी करतात हे खरं, पण सुरुवात १० पासून करायची की ३० पासून, यात घोटा मुरगळणं आणि घोटा मोडणं एवढा फरक आहे. म्हणूनच इथल्या संघटनेच्या नियमांत एकट्याने उडी मारणाऱ्या विद्यार्थ्यांना जमिनीवरचा वारा १४ मैलांच्या वर गेला की उडीच नाही.

आणि वारा दिसत नाही. तो दाखवायला माणसाने काय काय केलंय! गोल पॅराशूटच्या जमान्यात क्रेप कागदाची १० इंच रुंद आणि २० फूट लांब पट्टी, टोकाला थोडं वजन लावून, विमानातून बरोबर लक्ष्याच्या वर सोडायचे. ती साधारण गोल पॅराशूटच्याच वेगाने खाली येई. ती लक्ष्यापासून जितकी लांब पडेल, तितकंच अंतर उलट दिशेला जाऊन उडी मारायची. किती साधं, आणि किती हुशार! विमानतळावर दिसतो तो विंडसॉकही असाच. अमेरिकन मानकाप्रमाणे ३ नॉट वाऱ्याला तो मोकळेपणाने वळला पाहिजे आणि १५ नॉटला पूर्ण ताठ झाला पाहिजे. म्हणजे ती नुसती कापडी पिशवी नाही, मोजमाप करणारं यंत्र आहे.

आमच्या मैदानाला एक विंडसॉक हवा होता आणि एक विंड ब्लेड. विंड ब्लेड म्हणजे पिसाच्या आकाराचा उंच झेंडा, वाकलेल्या दांडीवर ताणलेला. हँगरच्या छपरावरचा विंडसॉक छपरावरचा वारा सांगतो. हँगरच्या आडोशाला वारा भोवरे घेतो, तिथलं खरं काय ते मैदानातला झेंडाच सांगतो. हजार फुटांवरूनही तो कुठे वळलाय ते कळतं, आणि सारखा थरथरत असेल तर खालची हवा खवळलेली आहे हेही कळतं.

तर झालं असं, की या विंड ब्लेडचे दोन पर्याय समोर आले. एक मूळ बनवणाऱ्याचा, तीनशे डॉलरच्या पुढे. हा माणूस स्वतः उड्या मारणारा, घरच्या गॅरेजमध्ये धंदा करणारा. त्याच्या झेंड्याच्या बुडाशी एक जोड आहे. त्यामुळे अगदी मंद वाऱ्यातही अख्खी दांडी फिरते, आणि कोणी येऊन धडकलं तर दांडी जमिनीला टेकेपर्यंत वाकते. त्या जोडावर त्याचं पेटंट आहे. दुसरा पर्याय सत्तर डॉलरचा, समुद्रापलीकडून येणारा. फोटोत पाहिलं तर जोडासकट तस्सा.

आमचे खजिनदार सत्तरी ओलांडलेले, क्लबाचा पै न् पै जपणारे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. झेंडा तो झेंडा. वारा कोणाच्या मालकीचा नाही. उरलेल्या पैशांत दोन विद्यार्थी हेल्मेटं येतील. आणि एका सेसनावाल्या क्लबावर खटला भरायला येतंय कोण?

यातलं शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि तेच मला टोचलं. अमेरिकन कायद्यात पेटंट असलेली वस्तू परवानगीशिवाय बनवणं, विकणं, आयात करणं याबरोबर नुसती वापरणं हेही उल्लंघनच आहे. आपल्या १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यातही पेटंटधारकाच्या हक्कांत ‘वापर’ आहेच. म्हणजे ‘आम्ही कुठे बनवली, आम्ही तर फक्त विकत घेतली’ ही पळवाट नाही. पण गॅरेजमधला माणूस वकिलाची फी कुठून आणणार? तो कोर्टात येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. कायद्याचा धाक संपतो तिथेच खरा प्रश्न सुरू होतो ना?

म्हटलं, आधी ते पेटंट वाचू या. पेटंट हा शब्द लॅटिनमधून आलाय आणि त्याचा मूळ अर्थ ‘उघडा’. आपल्याला वाटतं पेटंट म्हणजे गुपित. नेमकं उलट आहे. तुमची युक्ती आकृत्यांसकट जगाला सांगायची, त्या बदल्यात ठरावीक वर्षं ती फक्त तुमची. आज ही मुदत अर्ज केल्यापासून २० वर्षं आहे. नंतर ती सगळ्यांची. म्हणून पेटंट कोणालाही वाचता येतं, आणि वाचल्यावर कळतं की त्या माणसाने काय मागितलंय आणि काय मागितलेलं नाही. आमच्या या गृहस्थाने पिसाच्या आकाराचा झेंडा आपला म्हटलेला नव्हता. वारा तर नव्हताच नव्हता. त्याने मागितला होता फक्त तो बुडाचा जोड. म्हणजे खजिनदारांचं अर्धं म्हणणं बरोबरच निघालं. झेंडा तो झेंडा!

आमच्या खेळात हे पुन्हा पुन्हा घडलंय. आज आम्ही सगळे ज्या चौकोनी पंखाखाली तरंगतो, तो डोमिना जॅलबर्ट नावाच्या पतंग आणि फुगे बनवणाऱ्या माणसाच्या डोक्यातून आला. त्याने १९६४ मध्ये अर्ज केला आणि १९६६ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढून वारा आत शिरतो, कापडाचे कप्पे फुगतात आणि पंख तयार होतो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे १७ वर्षांनी, १९८३ मध्ये, ती कल्पना जगाची झाली. आज प्रत्येक स्कायडायव्हर आणि प्रत्येक पॅराग्लायडर त्याची नक्कलच वापरतो, आणि त्यात काहीही गैर नाही. ती देवाणघेवाण पूर्ण झालेली आहे.

दुसरं उदाहरण बिल बूथ यांचं. १९७० च्या दशकात त्यांनी खांद्यावरच्या तीन कड्यांची रचना काढली. त्याआधी मुख्य पॅराशूट बिघडली तर दोन्ही खांद्यांवरच्या खटक्या वेगवेगळ्या सोडवाव्या लागत. बूथ यांच्या रचनेत मोठ्या कडीत मधली, मधलीत छोटी आणि शेवटी दोऱ्याचा एक लहानसा फास असतो. प्रत्येक कडीगणिक भार कमी होत जातो, आणि शेकडो पौंडांचं ओझं एका हाताने ओढलेल्या केबलने सुटतं. आज जवळजवळ सगळ्या हार्नेसवर ही रचना आहे. पण दिसायला ती इतकी सोपी आहे की कोणालाही वाटावं, ह्यॅ, तीन कड्या तर आहेत! मेख मापांत आहे. कड्यांचं एकमेकींशी प्रमाण, फासाची लांबी, भोकाची जागा यातलं थोडं जरी चुकलं तरी वरून सगळं ठीक दिसतं, आणि ज्या क्षणी केबल ओढायची त्या क्षणी ती जड जाते. नक्कल करणाऱ्याला आकार दिसतो. तो आकार तसाच का, हे ज्याने चुका करत करत तो शोधला त्याला माहीत असतं.

पुढे बूथ यांच्याच कंपनीने स्कायहूक आणला. यात सुटून जाणारी बिघडलेली पॅराशूटच राखीव पॅराशूटला बाहेर खेचते. काही कंपन्यांनी परवाना घेऊन तो आपल्या सामानात बसवला. काहींनी तेच काम करणाऱ्या स्वतःच्या वेगळ्या रचना शोधल्या. मला हा दुसरा मार्ग फार आवडतो. पेटंट म्हणजे बंद दार असेल, पण शेजारी दुसरं दार करायला कोणाचीच ना नाही. फक्त करवत आपली हवी.

आता कोणी म्हणेल, जिवाशी संबंधित वस्तूवर पेटंट असावंच का? व्होल्वोने नील्स बोलिन यांचा १९५९ चा तीन बिंदूंचा सीटबेल्ट सगळ्या कारवाल्यांना खुला केलाच की. केला, आणि त्याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे. पण ते दान होतं, आणि देणारी कंपनी गाड्या विकून जगत होती. दान देणाऱ्याचं कौतुक करावं, पण म्हणून दुसऱ्याच्या खिशातून परस्पर दान काढून घेऊ नये. गॅरेजवाल्याकडे विकायला तो जोडच आहे.

आमच्या घरच्यांना हे पटवायला मला फार शब्द लागले नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय वणवा पेटला होता! २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, कारागिरांचं पोट, सगळं निघालं. भौगोलिक मानांकन आणि पेटंट या वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण राग ज्या जागेतून आला ती जागा एकच. कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या किंवा वर्षानुवर्षं डोकं चालवतं, आणि दुसरा फोटो बघून तसंच करतो, नावसुद्धा न घेता. आपली चप्पल उचलली की चोरी आणि दुसऱ्याचा जोड उचलला की काटकसर, असं कसं चालेल?

पण खजिनदारांचा प्रश्न मात्र खोटा नव्हता. पैसे खरंच नव्हते. तत्त्वं सांगणाऱ्याने हेल्मेटांचं काय ते सांगायला नको का? मग मी हिशोब असा मांडला: विंड ब्लेड मूळ माणसाकडून एकच घ्यायची, आणि विंडसॉक आपण घरी शिवायचा. त्याचं पेटंट कोणाकडे नाही आणि त्याची मापं जाहीर आहेत. विमानतळाचा आंतरराष्ट्रीय मापाचा सॉक निदान ३.६ मीटर लांब आणि तोंडाशी ०.९ मीटर रुंद असतो. आम्ही त्याच्या निम्म्या मापाचा करायचा ठरवला.

शिवण हा माझा प्रांत नाही. रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावला. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद, आणि लांबट नळी, असं मी हातवारे करून समजावत होते. तिने मध्येच थांबवलं.

“अगं, म्हणजे कळ्यांचा परकर. उलटा.”

खरंच की! सहा कळ्या, वरून अरुंद आणि खाली रुंद, कडेकडेने जोडलेल्या. तिने कापडाचा हिशोब तोंडी करून दिला, शिवणीला किती सोडायचं तेही सांगितलं, आणि वर “दहावीच्या सुट्टीत शिकवत होते तेव्हा पळून जायचीस” हेही ऐकवलं. केशरी आणि पांढरं रिपस्टॉप नायलॉन, पुढे तारेची गोल कडी, दोन रविवार. खर्च त्या सत्तर डॉलरहूनही कमी. वारा पाच-सहा मैलांचा झाला की सॉक बरोबर वळतो.

विंड ब्लेडही आली. पाकिटात त्या माणसाने हाताने लिहिलेली एक चिठ्ठी होती: जोडात तेल घालू नका, धूळ चिकटते, दर सहा महिन्यांनी आतली चकती बघा, झिजली असेल तर कळवा, नवी पाठवतो. आधीच्या मॉडेलची चकती उन्हात फुटायची, म्हणून आता दुसरं प्लास्टिक वापरतो, हेही त्याने लिहिलं होतं. ती चिठ्ठी मी खजिनदारांना दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. पटलं असं काही ते म्हणाले नाहीत. ते तसं म्हणणारे नाहीतच. घडी घालून त्यांनी ती क्लबाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये, विमानाच्या देखभालीच्या नोंदींशेजारी लावून ठेवली.

हेल्मेटं पुढच्या महिन्यात घेतोय. वर्गणी चालू आहे.