चिठ्ठीवरची तारीख

ती. आत्यास,


तुझा प्रश्न सरळ आहे: गुडघेदुखीची गोळी डॉक्टरांनीच लिहून दिली आहे, मग भीती कसली? आणि त्याच दमात तू असंही विचारतेस की शेजारच्या काकू म्हणतात, दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी जाते, तर मग बंदच करून टाकू का? या दोन्ही प्रश्नांचं माझं उत्तर एकच आहे. ही गोळी विष नाही आणि निर्धोकही नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली त्या दिवशी तुझं वय, तुझा रक्तदाब, तुझ्या बाकीच्या गोळ्या पाहून काही दिवसांपुरता एक निर्णय घेतला होता. जी काही सुरक्षितता आहे ती त्या निर्णयात आहे. तीच चिठ्ठी दाखवून, किंवा नुसती रिकामी स्ट्रिप दाखवून, मेडिकलमधून पुन्हापुन्हा गोळ्या आणत राहिलं की गोळी तीच राहते, निर्णय मात्र कुणीच घेतलेला नसतो.

असं का, ते गोळी काय करते यावरून कळतं. १९७१ साली जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं की ॲस्पिरिन आणि तिच्या जातकुळीतली औषधं (तुझी गोळीही त्यांतलीच) शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. त्याबद्दल १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. सुजलेल्या सांध्यात ही द्रव्यं दुखणं वाढवतात, म्हणून ती कमी झाली की बरं वाटतं. पण हीच द्रव्यं जठराच्या आतलं संरक्षक अस्तर टिकवतात आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या गरजेच्या वेळी उघड्या ठेवतात. फक्त गुडघ्यावरच काम करणं गोळीला जमत नाही. म्हणूनच ‘गोळी पोटाला बाधते, त्यापेक्षा इंजेक्शन घेऊ’ या म्हणण्यात फारसा अर्थ नाही. औषध दंडातून गेलं तरी रक्तातूनच जठरापर्यंत पोहोचतं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची पँटोप्राझोलसारखी गोळी जठराला खरोखर वाचवते आणि तुझ्या वयात ती सोबत असणं बहुधा योग्यच. पण ती मूत्रपिंडाला किंवा हृदयाला वाचवत नाही, आणि हे आपल्याकडे घरोघरी विसरलं जातं.

हृदयाची गोष्ट जगाला फार महागात पडली. जठराला न दुखवता फक्त सूज उतरवणारं औषध म्हणून १९९९ साली अमेरिकेत रोफेकॉक्सिब बाजारात आलं. मर्क कंपनीने त्याचं नाव व्हायॉक्स ठेवलं होतं. सुमारे ८ हजार संधिवाताच्या रुग्णांवर त्याची नॅप्रॉक्सेनशी तुलना झाली आणि २००० साली निष्कर्ष छापून आले: जठरातले गंभीर त्रास निम्म्यावर आले, पण हृदयविकाराचे झटके नॅप्रॉक्सेनच्या गटात हजारात साधारण १, तर नव्या औषधाच्या गटात ४. तेव्हा असा युक्तिवाद झाला की नवं औषध वाईट नाही, जुनं नॅप्रॉक्सेनच हृदयाला राखत असेल. ही शंका अगदीच बिनबुडाची नव्हती, कारण त्या अभ्यासात औषधाशिवायचा गट नव्हता. मग दुसऱ्या अभ्यासात तुलना बिनऔषधी गोळीशीच झाली, तरीही झटके आणि पक्षाघात मिळून धोका जवळपास दुप्पट दिसला. ३० सप्टेंबर २००४ रोजी औषध मागे घेतलं गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारतातही त्यावर बंदी आली. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की औषध रीतसर मंजूर होतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळत होतं, आणि लाखो लोकांनी ते भरवशाने घेतलं होतं. चिठ्ठी असणं म्हणजे तपासणी कायमची संपली, असं नव्हे.

‘पण ते औषध तर गेलं, माझी गोळी जुनी आणि साधी आहे,’ असं तू म्हणशील. २०१३ साली शेकडो चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा जुनं डायक्लोफिनॅक मोठ्या मात्रेत, म्हणजे दिवसाला १५० मिलिग्रॅम घेतलं, तर हृदयाला जवळजवळ रोफेकॉक्सिबसारख्या नव्या औषधांइतकंच बाधतं असं दिसलं: वर्षभर घेणाऱ्या हजार माणसांमागे झटका-पक्षाघातासारख्या सुमारे ३ जादा घटना, त्यातली १ जीवघेणी. हा आकडा घाबरवण्यासाठी देत नाही. हजारातल्या बाकीच्यांना ते झालं नाही, आणि ज्या माणसाला जिना उतरता येत नाही त्याने चार दिवसांच्या आरामासाठी एवढा धोका पत्करणं समजण्यासारखं आहे. पण आधीच हृदयविकार असलेल्याच्या बाबतीत हाच हिशोब बदलतो, मात्रा वाढली की बदलतो, आणि आठवड्याचं वर्ष झालं की बदलतो. तुझ्या स्ट्रिपच्या मागे ॲसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असं लिहिलेलं आहे. ॲसिक्लोफिनॅक हे डायक्लोफिनॅकचंच भावंड. दाढ दुखली म्हणून दुसऱ्या नावाची गोळी आणलीस आणि तिच्यात पुन्हा हेच निघालं, तर मात्रा नकळत दुप्पट होते. म्हणून पुढचं मोठ्या अक्षरातलं नाव सोड, मागची बारीक अक्षरं वाच किंवा कुणाकडून वाचून घे.

काकूंचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. (डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांची मढी खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊनच मेली, आणि म्हणून २००६ साली भारतात जनावरांसाठी ते बंद झालं. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, पण घाव कुठे बसू शकतो ते त्यातून दिसलं.) धडधाकट माणसाचं मूत्रपिंड काही दिवसांच्या गोळ्या सहसा सहज सोसतं. तुझी स्थिती वेगळी आहे. तू रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतेस आणि त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे. ही दोन्ही मूत्रपिंडातला दाब कमी करतात, आणि वर दुखण्याची गोळी आली की रक्तपुरवठा सावरण्याची उरलेली वाटही बंद होते. या तिघांची गाठ पडलेली असताना जुलाब लागले, मे महिन्याच्या उन्हात घाम गेला, किंवा निर्जळी एकादशी केलीस, तर दोन-चार दिवसांतही मूत्रपिंड बसू शकतं. शिवाय ही गोळी रक्तदाबही वाढवते. मग रक्तदाबाची मात्रा वाढवली जाते आणि मूळ कारण तसंच राहतं. आजारपणात किंवा कडक उपासात दुखण्याची गोळी ठेवून दे. रक्तदाबाच्या गोळीत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नकोस.

मग दुखणं सोसत बसायचं का? नाही, आणि हे मी तितक्याच ठामपणे सांगते. दुखतं म्हणून चालणं सुटलं की मांडीचे स्नायू बारीक होतात, गुडघ्यावर जास्त भार येतो, साखर आणि वजन वाढतं. घरात बसून राहण्याचे तोटे औषधाच्या तोट्यांहून लहान नाहीत. पण गोळीच्या आधी करण्यासारखं बरंच आहे. डायक्लोफिनॅकचं जेल गुडघ्यावर नियमित चोळलं तर रक्तात गोळीच्या मानाने सरासरी सहा टक्केच औषध जातं, आणि गुडघेदुखीत त्याचा गुण चाचण्यांत दिसलेला आहे. मांडीचे व्यायाम कंटाळवाणे वाटतात, पण आठवडे-महिने चिकाटीने केले तर गोळीची गरजच कमी करतात. गावाकडच्या वैद्याच्या पुडीबद्दल विचारलंस, तर माझा विरोध आयुर्वेदाला नाही, घटक न छापलेल्या पुडीला आहे. ‘वनस्पतीजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आर्ट्री किंग नावाच्या गोळ्यांत चक्क डायक्लोफिनॅक आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सापडल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली दिला होता. ज्या पुडीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडतो, तिच्याबद्दल हाच संशय आधी घ्यावा. आणि सकाळी बोटं तासभर आखडून राहत असतील, मनगटं सुजत असतील, तर तो झिजेचा संधिवात नसेलही, आमवात असू शकेल. आमवातात दुखण्याच्या गोळ्या फक्त वेदना झाकतात, सांध्याची नासाडी चालूच राहते. त्याला मेथोट्रेक्झेटसारखी वेगळी औषधं वेळेवर सुरू करावी लागतात.

तर पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून ने, होमिओपॅथीची बाटली आणि ती पुडीसुद्धा. क्रिएटिनिन तपासायला सांगतील तेव्हा रिपोर्टवरचा ई-जीएफआरचा, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतं त्याच्या अंदाजाचा, आकडाही दाखव, कारण तुझ्यासारख्या किरकोळ बांध्याच्या बाईत नुसतं क्रिएटिनिन ठीक दिसूनही मूत्रपिंड अर्धंमुर्धंच चालत असू शकतं. गोळी चालू ठेवायची ठरली तर किती दिवस, हे चिठ्ठीवर लिहून माग; हृदयासाठीची ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू आहे हेही सांग, कारण दोन्ही मिळून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. तोवर शौचाला डांबरासारखं काळं झालं, पावलं सुजली, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर दुखण्याची गोळी तिथेच थांबव आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. पोट दुखेल तेव्हा कळेल म्हणून थांबू नकोस, कित्येकदा जठरातली जखम न दुखताच वाहू लागते. रिपोर्ट आले की फोटो काढून पाठव.

तुझी,
भाची