ॲनेटच्या घरचे दूध

‘द इटालियन’ हा मूकपट १९१५ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला. टॉमस इन्स त्याचा निर्माता, रेजिनाल्ड बार्कर दिग्दर्शक. नायकाचे काम करणारा जॉर्ज बेबन हा सान फ्रान्सिस्कोत जन्मलेला. तो स्वतः काही इटालियन नव्हे. चित्रातले व्हेनिसदेखील कॅलिफोर्नियातलेच, त्याच नावाच्या गावी हौसेने कालवे खणून उभारलेले. कथेचे आधीचे नाव तर इटालियनांना हिणविणारे होते; ते बेबनच्या आग्रहाने बदलले. इतकी सारी नक्कल असूनही या चित्राने मला जेवढे बेचैन केले, तेवढे अनेक अस्सल चित्रांनी केलेले नाही. आणि त्याला कारण नायक नव्हे, क्लारा विल्यम्स या नटीने उभी केलेली ॲनेट.

व्हेनिसमधला नावाडी बेप्पो हिच्यावर अनुरक्त आहे. वर्षभरात संसार थाटण्याजोगे काही करून दाखव, एरवी मुलगी दुसरीकडे देऊ, असे तिचा बाप बजावतो. बेप्पो न्यूयॉर्कला जाऊन बूट पॉलिश करू लागतो, वस्तीतल्या एका पुढाऱ्याच्या कृपेने पैसे जमवतो आणि तिला बोलावून घेतो. १८८० ते १९२० या काळात सुमारे चाळीस लक्ष इटालियन माणसे अमेरिकेत गेली. आधी पुरुष जाई, मागाहून बायको अथवा वाग्दत्त वधू; ॲनेट ही त्या असंख्य मागाहून जाणाऱ्यांपैकी एक. लग्न होते, मुलगा होतो. बेप्पोचा तो आनंद बेबनने फार सुरेख दाखविला आहे. तेवढ्यासाठीही चित्र पाहावे.

मग उन्हाळा येतो. अंगाची लाही होते, मूल आजारी पडते, आणि त्याला पाश्चरीकृत दूधच पाहिजे असे डॉक्टर सांगतो.

हे चित्र मी आईसमवेत पाहिले. मधल्या इंग्रजी पाट्यांचा अर्थ मी सांगू लागलो, तेव्हा तिने हातानेच मला थांबविले. या ठिकाणी मात्र तिने विचारले, “घरातच एक उकळी आणायला काय झालं होतं तिला?”

प्रश्न अगदी वाजवी होता. मी सांगितले, की त्या देशात दूध कच्चे पिण्याची रीत होती. तापविल्याने त्यातले सत्त्व जाते असे कित्येक शहाणेही मानीत. लांबच्या खेड्यांतून उन्हातान्हातून आलेले ते दूध तान्ह्या मुलांचे प्राण घेई. नेथन स्ट्राउस या धनिकाने १८९३ पासून न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या मुलांसाठी पाश्चरीकृत दुधाची केंद्रे काढली, ती याच कारणाने. माझे हे व्याख्यान आईने पुरते ऐकून घेतले. मग पडद्यावरची दृष्टी न काढता ती म्हणाली, “मी तर उकळून देत होते.”

माझ्या जन्मापूर्वी तिचा एक मुलगा आठ महिन्यांचा होऊन वैशाखात जुलाबाने गेला होता. घरात त्याचे नाव कधी निघत नसे. मी काही बोललो नाही. चित्र पुढे चालू होते.

दूध आणावयास निघालेल्या बेप्पोला वाटेत चोर लुबाडतात. तो त्यांच्यावर तुटून पडतो आणि स्वतःच पोलिसांच्या हाती सापडतो. ज्या पुढाऱ्याने एकेकाळी साह्य केले, तोच आता त्याला लाथेने झिडकारतो. बेप्पो तुरुंगातून सुटून येतो, तो पाळणा रिकामा. पुढे त्याच पुढाऱ्याच्या आजारी मुलीचा जीव घ्यावयास तो तिच्या घरात शिरतो. पण निजलेल्या मुलीने आपल्या मुलासारखाच हात हलविलेला पाहून त्याचे मन विरघळते. हा भाग मला पुरता जुळवून आणल्यासारखा वाटतो, जरी सूडाने पेटलेला बेबनचा चेहरा पडदा व्यापून जवळ जवळ येतो तेव्हा छातीत धस्स होते. मला हवे होते ते त्याच्या तुरुंगवासाचे दिवस: परक्या भाषेच्या शहरात, तापलेल्या खोलीत, दूध घेऊन येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहणारी ॲनेट. तिच्या वाट्याला चित्र फार थोडे देते. ते बेप्पोच्याच मागे जाते, कारण धावपळ त्याची आहे, मारामारी त्याची आहे. तिच्यापाशी होते केवळ एक मूल आणि जिना चढणाऱ्या प्रत्येक पावलाकडे लागलेला कान.

चित्राच्या आरंभी स्वतः बेबन एका श्रीमंती दिवाणखान्यात ‘द इटालियन’ नावाचे पुस्तक उघडून बसलेला दिसतो. अखेरीस मुलाच्या थडग्यावर कोसळून रडणारा बेप्पो दिसतो, आणि मग पुन्हा तो दिवाणखाना. तो पुस्तक मिटवून ठेवतो. त्यानंतर आईने विचारले ते एवढेच, “आणि ती?”