किती चालली?

सेकंड हँड गाडी पाहायला माणूस आला की आमच्या नंदुरबारकडे पहिला सवाल ठरलेला असतो. किती चालली? इंजिन, टायर, कागदपत्रे हे सगळे नंतर. मायलेज म्हटले की आमच्याकडे लिटरला किती पडते एवढेच डोक्यात येते. एकूण चाल सांगायला 'रनिंग' हा शब्द. रनिंग कमी तर किंमत जास्त, रनिंग जास्त तर किंमत कमी. पोरासोरांनाही पाठ असलेला हा हिशेब आम्हा तिघा भावांना मात्र कधी नीट पटला नाही. त्याला कारण आमचे घर.

दादाजान नंदुरबार स्टेशनवर टांगा हाकायचे. टांगा गेला, तट्टू गेले, आम्ही बांगड्यांच्या धंद्यात पडलो. पण अब्बांची घोड्यांवरची नजर गेली नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, एकमुखी दत्ताची. घोडेबाजारासाठी ती लांबलांबपर्यंत प्रसिद्ध आहे. मारवाडी, काठेवाडी, पंजाबचे नुकरे अशी जनावरे तिथे येतात. मालक लाखांनी किंमत सांगतात, वर्तमानपत्रात कधी कोटीचाही आकडा छापून येतो. अब्बा दरसाल जायचे आणि आम्हाला बरोबर न्यायचे. विकत काही घ्यायचे नसायचे. बघायचे आणि ऐकायचे.

घोड्याला मीटर नसते, दात असतात. अडीच वर्षांच्या सुमाराला दुधाचे पुढचे दात पडू लागतात, पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. खालच्या दातांवर काळे खळगे असतात, ते सहाव्या ते आठव्या वर्षापर्यंत झिजून जातात. त्यानंतर वय सांगणे अवघड. तरी दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपाशी एक खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती दाताच्या मध्यापर्यंत येते, विसाव्याला टोक गाठते. लबाड दलाल म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरतात आणि तापल्या सळीने डाग देऊन खोटे खळगे पाडतात. चौदा वर्षांचा घोडा सात वर्षांचा होतो. मीटर मागे घेण्याची विद्या मोटारीच्या आधीची आहे, ती अशी.

पण अब्बा दातांवर थांबत नसत. घोडा चालवून बघायचे, खूर उचलून बघायचे, आणि मालकाला विचारायचे, "काम क्या लिया इससे?" वरातीत नाचलेला दहा वर्षांचा घोडा आणि टांग्याला जुंपलेला दहा वर्षांचा घोडा, दोघांचे दात सारखेच. गुडघे सारखे नसतात. आणि नुसता दावणीला बांधून ठेवलेला घोडा? त्याला अब्बा सर्वात जास्त भीत.

मोटारींच्या दुनियेतला दावणीचा घोडा म्हणजे फेरारीसारखी गाडी. कसोटी शतकांत ब्रॅडमनच्या २९ च्या आकड्याशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये फियाट कंपनीने सचिन तेंडुलकरला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. चावी दिली मायकेल शूमाकरने. तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून २००३ मध्ये केवढा गदारोळ झाला होता, तो वाचकांना आठवत असेल. २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यापाऱ्याने घेतली. सुरत म्हणजे आमचेच शहर; आमचा माल तिथून, आमचे दवाखाने तिथे. बातमी आली तेव्हा चहाच्या टपरीवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आणि सवाल तोच, किती चालली होती? थोरले भाईजान हसून म्हणाले, "तिथे किलोमीटर कोण मोजतो? नाव मोजले." नामी वळूच्या वासराला सारंगखेड्यात तशीच किंमत येते म्हणा.

पण ज्या स्पोर्ट्स कारला असा मालक लाभलेला नसतो, तिची किंमत मात्र मीटरवरच चढते-उतरते. जगभरचे शौकीन कमी चाललेल्या गाडीला जादा पैसे मोजतात आणि मग विकताना भाव पडेल या भीतीने तिला बाहेर काढत नाहीत. ती उभी राहून बिघडते. ३६० च्या इंजिनातला टायमिंग बेल्ट गाडी चालो न चालो, दर तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच जाते. रबरी सील सुकतात, टायर कडक होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कोरी असली तरी ते आकडे वय सांगून टाकतात. उलट क्लच किलोमीटरवर झिजत नाही, गर्दीतल्या थांब-चालीवर झिजतो. म्हणून आमचा कौल असा की वहीत दर सर्व्हिसची नोंद असलेली, बऱ्यापैकी पळालेली गाडी कमी पैशांत घ्यावी आणि पळवावी. फेरारी घेणारे आम्हाला विचारायला येणार नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आमच्यावर वेळ आली ती २०१७ मध्ये. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारांना भाड्याच्या गाडीत बांगड्यांच्या पेट्या नेऊन नफा भाड्यातच जायचा. व्याजाचे कर्ज घरात आणायचे नाही हे अम्मीने ठरवलेले. तिघांची बचत मिळून दोन लाख साठ हजार होती. त्यात धाकट्याच्या लग्नाचेही पैसे होते. गाडी बिघडलेली निघाली असती तर धंदा आणि लग्न दोन्ही बसले असते.

सुरतमध्ये एका दलालाकडे २०११ ची व्हॅन होती. मीटर ३१ हजार, किंमत दोन लाख पंचेचाळीस. गाडी गुजरातच्या पासिंगची, म्हणजे एनओसी आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. चकचकीत होती. मधल्या भावाने आधी पायाखाली पाहिले. ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून आरशासारखे झालेले. मग दाराच्या कडेला अर्धवट खरवडलेला ऑइल बदलल्याचा स्टिकर दिसला. त्यावर ६८ हजार वाचता येत होते. दलाल ओशाळला नाही. म्हणाला, "भाई, गिऱ्हाईकच कमी मीटर मागते. खरे सांगितले तर गाडी वर्षभर उभी राहते." त्याच्या बोलण्यात खोटे काही नव्हते, हेच आम्हाला परतीच्या गाडीत टोचत राहिले.

शहाद्याजवळच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याकडे त्याच सालची व्हॅन मिळाली. एक लाख ४२ हजार किलोमीटर, किंमत एक लाख पंच्याऐंशी. त्याने वही काढली. ऑइल, ब्रेक, टायर, सगळे तारीखवार. विचारण्याआधी म्हणाला, "दादा, दुसरा गिअर थंडीत अडतो. मागल्या दारातून पाऊस येतो." बहुतेक चाल शहादा-दोंडाईचा या सपाट रस्त्याची. चांदसैली घाटातले दहा किलोमीटर आणि हे दहा एका मापाने मोजता येत नाहीत. एक लाख बाहत्तरला सौदा झाला. क्लच प्लेट आणि चार टायर यांवर एकवीस हजार गेले. लग्नाचे पैसे वाचले.

अरबस्तानातही ही खोड होती. उंटिणीचे, शेळीचे दूध दोन-चार दिवस काढायचे नाही आणि कास तटतटलेली दाखवून बाजारात उभे करायचे. पैगंबरांनी (स.) ते मना केले; फसलेल्या गिऱ्हाइकाला तीन दिवसांत जनावर परत करण्याची मुभा दिली, प्यालेल्या दुधाबदली एक साअ खजूर देऊन. मशिदीत हे अनेकदा ऐकले होते. त्यात मोटारीचे मीटर आहे हे सुरतहून येताना कळले.

आता व्हॅनची पंधरा वर्षांची मुदत जवळ आली आहे आणि आम्ही ती विकायला काढली आहे. मीटर दोन लाख ६३ हजार. आलेली तीन गिऱ्हाइके आकडा ऐकून दारातूनच परत गेली. ओळखीचा एक कारागीर म्हणाला, पंधराशेत नव्वद हजार करून देतो, तीस हजार वर मिळतील. धाकट्याच्या मुलीच्या शाळेची फी द्यायची आहे. तो गप्प बसला, नाही म्हणाला नाही. अब्बांना आता कमी दिसते. त्यांनी शेतकऱ्याची ती वही मागून घेतली, आमच्या हातच्या नोंदी बोटाने चाचपल्या आणि किंमत विचारली. ऐंशी हजार, आम्ही सांगितले. ते म्हणाले, "पचहत्तर बोलो. और दरवाजे का पानी भी बता देना."

रविवारी तळोद्याचा एक भाजीवाला पाहायला येणार आहे.