राक्षसाचे पांढरे बूट

काळोखाला भिणे ही आमच्या घराण्यातली वंशपरंपरागत ठेव आहे. आजोबा रात्री परसात जाताना मोठ्याने रामरक्षा म्हणत, वडील शीळ घालीत, आणि मी खोकतो. त्यामुळे सहा वर्षांचा नातू रात्री एकटा बाथरूमला जायला तयार होईना, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा अधिकार घरात कुणालाच नव्हता. पलंगापासून बाथरूमपर्यंत मोजून अकरा पावले. पण त्या अकरा पावलांत कपाट आहे, कपाटाशेजारी कोपरा आहे, आणि त्या कोपऱ्यात, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, कुणीतरी आहे.

तो आमच्याकडे आला होता गेल्या पावसाळ्यात, आठ दिवसांसाठी. सूनबाईच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि शस्त्रक्रिया ठरली होती. मुलगा इस्पितळात, नातू आमच्यापाशी, अशी वाटणी झाली. पहिल्या दोन रात्री मी त्याच्याबरोबर खोकत खोकत बाथरूमपर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी मला एक अक्कल सुचली. काट्याने काटा काढावा. राक्षसाची भीती राक्षस दाखवूनच घालवावी.

"अहो, रात्रीचं काही भलतंसलतं दाखवू नका त्याला," आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच बजावले.

"भलतंसलतं नाही. सशाचं आहे," मी म्हणालो, आणि टीव्ही लावला.

वाचकहो, १९४६ साली अमेरिकेतल्या वॉर्नर ब्रदर्स कंपनीने एक कार्टून काढले. लांबी सात-साडेसात मिनिटे. नाव 'हेअर-रेझिंग हेअर'. इंग्रजीत या नावात गंमत आहे. पहिला 'हेअर' म्हणजे केस, दुसरा म्हणजे ससा. अंगावरचे केस उभे करणारा ससा, असे काहीतरी. देवनागरीत दोन्ही 'हेअर' सारखेच दिसतात, त्यामुळे आपल्याला ती गंमत फुकटात मिळते. दिग्दर्शक चक जोन्स, कथा टेड पिअर्सची, आवाज मेल ब्लँकचा आणि संगीत कार्ल स्टॉलिंगचे. नायक अर्थातच बग्ज बनी, तो गाजर चघळणारा ससा.

आपल्याकडचा ससा म्हणजे पाठीवर पान पडले की 'आभाळ पडले' म्हणून पळत सुटणारा. फार झाले तर सिंहाला विहिरीत त्याचेच प्रतिबिंब दाखवणारा. हा बग्ज त्या विहिरीवाल्याच्या कुळातला. चित्र सुरू होते तेव्हा रात्र आहे, आणि हा नाइटशर्ट घालून, हातात मेणबत्ती घेऊन बिळातून वर येतो. त्याला राहून राहून वाटते आहे की आपल्याकडे कुणीतरी पाहते आहे. आणि खरोखरच पाहते आहे! दूर एका किल्ल्यात एक बुटका, डोळे वटारलेला शास्त्रज्ञ त्याला टेलिव्हिजनच्या पडद्यावर न्याहाळतो आहे. १९४६ साली, बरे का! आपल्या मुंबईत टेलिव्हिजन यायला १९७२ साल उजाडावे लागले. किल्ल्याच्या दारावर एखाद्या लॉजवर असावी तशी दिव्यांची पाटी लुकलुकते आहे : दुष्ट शास्त्रज्ञ. इतका प्रामाणिक खलनायक मी दुसरा पाहिला नाही.

या शास्त्रज्ञाने एक केसाळ राक्षस पाळला आहे. राक्षसाला भूक लागली आहे आणि त्याच्या जेवणासाठी ससा हवा आहे. म्हणून शास्त्रज्ञ एक यांत्रिक सशीण सोडतो. चावीची, मुरकत चालणारी. बग्ज भुलतो आणि तिच्या मागून थेट किल्ल्यात येतो. तिथे मुका घ्यावा तर बाईसाहेबांचे स्प्रिंगा-चाके होऊन तुकडे! मग दारामागून राक्षस बाहेर पडतो. लालभडक केसांचा डोंगर, त्याला वर दोन डोळे आणि खाली पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. बाकी अंगावर एक धागा नाही, पण बूट मात्र आहेत. चित्रकाराला ही कल्पना कुठल्या जेवणानंतर सुचली असेल कोण जाणे.

मी शेजारी बसून मराठीत समालोचन करीत होतो. नातू मांडीवरची उशी घट्ट धरून पाहत होता. पळापळ सुरू झाली. मध्येच बग्ज थांबतो आणि मॅनिक्युअर करणाऱ्या पोरीचा अवतार घेऊन राक्षसाचा पंजा हातात घेतो. "तुम्हा राक्षसांचं आयुष्य किती मजेचं असेल नाही!" अशी मधाळ बडबड करीत त्याची बोटे पाण्याच्या भांड्यात बुडवायला लावतो. भांड्यात उंदराचे सापळे! इथे नातू पहिल्यांदा हसला. मी स्वयंपाकघराकडे विजयी मुद्रेने पाहिले.

पुढे तर बग्ज पडद्याच्या अगदी जवळ येऊन प्रेक्षकांना विचारतो, "इथे कुणी डॉक्टर आहे का?" थिएटरातल्या प्रेक्षकांत एक काळी आकृती उठून उभी राहते : "मी डॉक्टर आहे." लगेच बग्ज गाजर चावीत म्हणतो, "काय डॉक्टर, काय विशेष?" हे त्याचे नेहमीचे वाक्य. एवढ्यासाठी त्याने भर पाठलागात वेळ काढला! आणि शेवट तर मला या सगळ्या पसाऱ्याचा कळस वाटतो. राक्षसाने बग्जला कोपऱ्यात गाठले आहे. बग्ज त्याला विचारतो, तुला कधी असे वाटते का की आपल्याकडे कुणीतरी बघते आहे? तो बघ, तिकडे, समोर! राक्षस आपल्याकडे पाहतो, "माणसं!" म्हणून किंकाळी फोडतो, आणि भिंतींमागून भिंती फोडीत पळत सुटतो. प्रत्येक भिंतीला नेमके राक्षसाच्या आकाराचे भोक.

हे सारे ज्यांची टर उडवण्यासाठी केले, त्या मूळ भयपटांचा मी तरुणपणी शौकीन होतो. म्हणजे बोटांच्या फटीतून पाहणारा शौकीन. या कार्टूनमधला शास्त्रज्ञ हुबेहूब पीटर लॉरे नावाच्या नटासारखा काढला आहे. त्या लॉरेने १९३५ सालच्या 'मॅड लव्ह'मध्ये वेडा सर्जन रंगवला होता. चक जोन्सने १९५२ साली हाच लाल राक्षस पुन्हा आणला, तेव्हा शास्त्रज्ञ बोरिस कार्लोफच्या वळणाचा काढला. कार्लोफ म्हणजे १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला तो प्रसिद्ध राक्षस. आता जाता जाता एक सांगतो. या कार्लोफची आजी आणि सयामच्या राजाच्या मुलांना शिकवणारी ती अ‍ॅना लिओनोवेन्स या सख्ख्या बहिणी, आणि अ‍ॅनाचा जन्म १८३१ सालचा, आपल्या अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. जगाला घाबरवणाऱ्या माणसाचे धागेदोरे नगरपर्यंत येतात, हे कळल्यापासून माझी भीती जरा घरगुती झाली आहे.

आणि तसे पाहिले तर वेडे शास्त्रज्ञ आपल्याला नवीन कुठे आहेत? मेरी शेलीची कादंबरी १८१८ सालची. आपल्या पंचतंत्रातल्या त्या चार ब्राह्मणपुत्रांनी केव्हाच हाडे जुळवून, मांस चढवून, मेलेला सिंह जिवंत करून ठेवला होता. त्याने तिघे विद्वान खाल्ले. चौथा अडाणी होता, तो आधीच झाडावर चढून बसला. बग्ज बनी त्या चौथ्याचाच कुणीतरी असावा.

असो. कार्टून संपले. मी टीव्ही बंद केला आणि म्हणालो, "पाहिलंस? राक्षसच आपल्याला भितात!"

नातू गप्प होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आजोबा, आईला कापणार तो डॉक्टर तसा आहे का?"

माझ्या पोटात गोळा आला. मी राक्षसाचा विचार करीत बसलो होतो, आणि पोर शास्त्रज्ञाकडे पाहत होते. पांढरा कोट, टेबल, बाटल्या, कुलूपबंद दार. "बाबा फोनवर म्हणाले, पोटाला चार भोकं पाडणार. मग ती भोकं डॉक्टरच्या आकाराची पडतील का?"

स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आल्या. काही बोलल्या नाहीत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात न बोलण्याचेही प्रकार मला ओळखता येऊ लागले आहेत. हा त्यांतला सर्वांत वाईट.

आता थाप मारणे सोपे होते. आई मावशीकडे गेली आहे, डॉक्टर नुसती गोळी देणार आहेत, असे काही सांगता आले असते. पण मी सात वर्षांचा होतो तेव्हा, १९५९ साली, आमच्या गिरगावच्या चाळीत मला असेच सांगण्यात आले होते. आई नाशिकला मामाकडे गेली आहे. मी आठ दिवस गॅलरीत उभा राहून टांग्यांकडे बघत होतो. ती मुंबईतच इस्पितळात होती, तिचे ऑपरेशन झाले होते, आणि ती परत येणार नाही, हे मला खालच्या मजल्यावरच्या एका मुलाने गोट्या खेळताना सांगितले. मोठ्या माणसांनी ते माझ्या भल्यासाठीच केले होते. मामाकडे मात्र मी पुढे कित्येक वर्षे गेलो नाही.

म्हणून मी त्याला सगळे सांगितले. पित्ताशय कुठे असते, पेरूएवढे असते, त्यात खडे कसे होतात. भोके बोटाच्या पेराएवढी असतात, एकातून दुर्बीण घालतात आणि डॉक्टर ती पडद्यावर पाहतात. "टीव्हीवर?" त्याने विचारले. हो, टीव्हीवरच. इथे मी अडखळलो, पण म्हटले, आता मागे फिरायचे नाही. आईला झोपेचे औषध देतात, तिला कळणार नाही. उठल्यावर दुखेल, थोडे दिवस.

"आणि नाही उठली तर?"

"उठतात," मी म्हणालो. "बहुतेक सगळे उठतात. आपण वाट बघायची." यापेक्षा ठाम मला बोलता आले नाही. माझाच आवाज नीट लागत नव्हता.

मग झोप कुणालाच येईना म्हणून आम्ही जुनी डायरी काढली. राक्षस कसा तयार होतो ते दाखवायचे मी कबूल केले. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात, म्हणजे साडेसात मिनिटांना दहा हजारांवर चौकटी. आम्ही बत्तीस पाने केली. डायरीच्या कोपऱ्यात थोडा थोडा सरकणारा राक्षस, आणि पाने भरभर सोडली की तो पळतो. माझा राक्षस पाहून नातू म्हणाला, "हा तर नारळ आहे." खरोखरच शेंडीसकट नारळ दिसत होता. मग त्याने लाल पेन्सिल घेतली आणि नारळाला बूट घातले. या राक्षसाला १९४६ साली नावच नव्हते. पुढे १९८० सालच्या एका कार्टूनमध्ये 'गॉसमर' असे नाव मिळाले, म्हणजे कोळ्याच्या तलम धाग्यासारखा. आम्ही त्याचे नाव नारळभाऊ ठेवले. साडेअकराला तो बाथरूमला गेला. मी दारात उभा होतो, पण खोकलो नाही.

शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. नीट झाली. संध्याकाळी भेटण्याच्या वेळेला त्याला घेऊन गेलो. सूनबाई पडून होती, चेहरा पिवळट, पण जागी. नातू पलंगाच्या दांडीला धरून उभा राहिला, जवळ जाईना. तेवढ्यात सर्जन राउंडला आले. तिशी-पस्तिशीचे हसतमुख गृहस्थ. नातवाने आधी त्यांचा पांढरा कोट पाहिला, मग हळूहळू नजर खाली नेली. मीही नेली, आणि मला घाम फुटला. डॉक्टरांच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट होते.

नातवाने माझा हात करकचून धरला. मग सोडला. खिशात हात घातला, आणि आजीने वाटेत चघळायला दिलेला गाजराचा तुकडा काढून त्याचा एक चावा घेतला.

"काय डॉक्टर," तो म्हणाला, "काय विशेष?"

डॉक्टर क्षणभर बघतच राहिले. मग इतके मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावली. सूनबाई दोन्ही हातांनी पोट धरून म्हणत होती, "अरे हसवू नका रे मला, टाके दुखतात!"